शहरात मधमाश्यांना अन्न कुठे मिळतं? नकाशा कसा तयार होतो?

उपग्रहाच्या छायाचित्रात क्रिकेटचं मैदान आणि फुलांनी भरलेली परसबाग दोन्ही हिरवीच दिसतात. पण मधमाशीसाठी कापलेलं गवत म्हणजे रिकामं ताट! म्हणूनच परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी कोणती जागा किती चांगली आहे, याचा वेगळा नकाशा करावा लागतो.

त्यासाठी तीन गोष्टी पाहतात:

1. अन्न: फुलं किती आणि कोणत्या महिन्यांत असतात?
2. घरटं: एकट्या राहणाऱ्या अनेक मधमाश्या मोकळ्या मातीत बीळ करतात. तिथे पेव्हर ब्लॉक बसले की घर गेलं.
3. अंतर: फुलं घरट्याजवळ आहेत का? छोट्या जातींच्या मधमाश्या काहीशे मीटरपर्यंतच जातात.

मात्र फुलांची मोजणी जमिनीवर उतरूनच नीट होते. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल, एडिंबरा, लीड्स आणि रेडिंग या 4 शहरांत संशोधकांनी 360 ठिकाणी फुलं आणि कीटक मोजले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आघाडीवर होत्या घरांभोवतीच्या बागा आणि नागरिकांना भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणारे जमिनीचे छोटे तुकडे. मोठी उद्यानं मागे पडली. सधन वस्त्यांतल्या बागांमध्ये कीटकही जास्त आढळले.

असा नकाशा नसेल, तर भाजीपाल्याचा तुकडा 'रिकामी जागा' समजून बांधकामाला दिला जाऊ शकतो. नकाशा असेल, तर तो आधी वाचवता येतो आणि फुलं कुठे कमी आहेत, हेही कळतं.