हेडलाइटचे हरवलेले शून्य

गाडीचे सस्पेन्शन तीन सेंटिमीटर खाली घेतले, आखूड स्प्रिंगा बसवल्या, चाक आणि मडगार्ड यांमधली पोकळी मनासारखी कमी झाली. आणि गाडी सुरू करताच डॅशबोर्डवर हेडलाइटच्या आकाराचे पिवळे चिन्ह उमटले, ते काही केल्या विझेना. गाड्यांची हौस असणाऱ्या अनेकांना हा अनुभव ठाऊक असेल. दोन्ही दिवे तर नीट लागतात. मग गाडीची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले, की १९४८ सालच्या फ्रान्समधून १८७९ सालच्या बाल्टिमोरपर्यंत, सोन्याच्या एका वर्खापर्यंत जावे लागते.

आधी थोडी भूमिती पाहू. डिपरवर असलेल्या हेडलाइटच्या झोताला वरच्या बाजूला एक स्पष्ट कड असते. कडेखाली उजेड, वर अंधार. ही कड साधारणपणे १ टक्का उताराने लावलेली असते, म्हणजे १० मीटर अंतरावर ती १० सेंटिमीटर खाली येते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. अंशांत मोजला तर हा कोन जेमतेम ०.५७ भरतो. आता पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर धरा आणि मागच्या आसनावर माणसे, डिकीत सामान भरा. मागची बाजू अडीच सेंटिमीटर दबली, की गाडी बरोबर १ टक्क्याने नाक वर करते आणि कड आडवी होते. पाच सेंटिमीटर दबली, तर कड १ टक्का वर चढते. मग ७५ मीटरवर तिची उंची १ मीटर ४० सेंटिमीटर होते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात. गाडी चालवणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही. उलट, आज उजेड लांबवर पडतो आहे, म्हणून तो खूशच असतो!

दीपनिर्मात्यांनी पहिली काही दशके उजेड वाढवण्यात आणि तो हवा तेव्हा खाली वळवण्यात घालवली. अॅसिटिलीनचे दिवे गेले, विजेचे आले. एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवून अप्पर आणि डिपर अशी सोय झाली. आपल्या ट्रकांच्या पाठीवर आजही ‘यूज डिपर अॅट नाइट’ अशी विनंती रंगवलेली दिसते, ती याच सोयीची आठवण. १९५७ पासून युरोपात असमान झोत रूढ झाला. समोरच्या वाहनाच्या बाजूला कड खाली आणि रस्त्याच्या कडेकडे थोडी वर. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडे ती डावीकडे चढते. मात्र या सगळ्या रचनांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे गाडी नेहमी सपाट उभी राहते.

या गृहीतकाला पहिला धक्का एका अत्यंत साध्या गाडीने दिला. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली सिट्रोएन २सीव्ही ही शेतकऱ्यांसाठी कल्पिलेली मोटार. दोन माणसे आणि ५० किलो बटाटे घेऊन, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता जावी, अशी तिच्याकडून अपेक्षा होती. त्यामुळे तिच्या स्प्रिंगा कमालीच्या मऊ होत्या. बटाटे मागे चढवले, की गाडी आकाशाकडे पाहू लागे. म्हणून चालकाच्या हाताशी एक फिरवायची मूठ दिली आणि दांड्याच्या साहाय्याने ती हेडलाइटना जोडली. ओझे वाढले, की मूठ फिरवून दिवे खाली करायचे. आज आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ०, १, २, ३ असे आकडे असलेली छोटी चकती असते. ती या मुठीचीच वारस. ती कधीच न फिरवणारे चालक आपल्याकडे बहुसंख्य असावेत, असा माझा समज आहे.

माणूस मूठ फिरवायला विसरतो, हे फ्रेंचांनाही लवकरच कळले. १९५४ मध्ये सिबिए या फ्रेंच दीपनिर्मात्यांनी सस्पेन्शनलाच दिवे जोडून ते आपोआप सावरणारी योजना आणली. पानार डिना झेड ही ती मिळालेली पहिली मोटार. १९६७ च्या सिट्रोएन डीएसमध्ये तर तारांच्या जोडणीने बाहेरचे दिवे गाडीच्या झुकण्यानुसार सावरत आणि आतले स्टिअरिंगबरोबर वळत. या यंत्रणांत ना विजेचा संवेदक होता, ना संगणक. आणि म्हणून इशारा देणारा दिवाही नव्हता. तार सैल झाली, तरी गाडीला ते कळण्याचा मार्गच नव्हता.

पुढे १९७० च्या दशकापासून जर्मनीसह काही युरोपीय देशांनी चालकाला आतून दिवे खाली करता येण्याची सोय आवश्यक केली. पण खरी निकड निर्माण झाली ती १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत झेनॉनचे दिवे आले तेव्हा. ५५ वॅटचा हॅलोजन एच७ बल्ब सुमारे १५०० ल्यूमेन प्रकाश देतो. झेनॉनचा दिवा ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० देतो. इतक्या प्रखर झोतात एका अंशाची चूकही समोरच्याला आंधळे करते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ४८ ने रेषा आखली, की डिपरचा प्रकाशस्रोत २००० ल्यूमेनपेक्षा प्रखर असेल, तर झोत सावरण्याचे काम चालकावर सोडायचे नाही, गाडीनेच करायचे. भारतात वाहनांवरील दिव्यांच्या मांडणीसाठी एआयएस-००८ हे मानक आहे.

गाडीने ते करायचे, तर आपण किती झुकलो आहोत हे तिला कळायला हवे, आणि इथे बाल्टिमोर येते. १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एडविन हॉल हा विद्यार्थी मॅक्सवेलच्या ग्रंथातील एका विधानापाशी अडखळला. चुंबकाचे बल विद्युत्प्रवाहावर नव्हे, तर तो वाहून नेणाऱ्या वाहकावर कार्य करते, असे तिथे म्हटले होते. हॉलला ते पटेना. त्याने काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला, त्यातून प्रवाह सोडला, चुंबकीय क्षेत्रात ठेवला. आणि प्रवाहाला आडव्या दिशेत अतिशय सूक्ष्म विद्युत्दाब सापडला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षे अवकाश होता! सोन्यात वाहक इलेक्ट्रॉनांची गर्दी फार, म्हणून परिणाम क्षीण. अर्धवाहकांत ती गर्दी विरळ, म्हणून तोच परिणाम कितीतरी पटींनी मोठा. त्यामुळेच हॉलचा प्रयोग पुढे चाकाजवळच्या चिखलात जाऊन बसू शकला.

गाडीच्या सांगाड्यावर एक छोटी डबी असते. तिला बोटाएवढा दांडा, दांड्याला जोडकाडी, आणि जोडकाडीचे दुसरे टोक सस्पेन्शनच्या हाताला. चाक वरखाली झाले, की दांडा फिरतो, त्याबरोबर चुंबक फिरतो, आणि हॉल संवेदकाचा विद्युत्दाब बदलतो. तो सामान्यतः अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मध्येच राहील असा बेत असतो. दोन्ही टोके मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात, कारण शून्य व्होल्ट आले तर तार तुटली, हे ओळखता येते. मात्र ही डबी झुकाव मोजत नाही. ती फक्त सांगाडा आणि चाक यांमधले अंतर मोजते, तेही कारखान्यात स्मृतीत नोंदवलेल्या शून्याच्या तुलनेत.

सस्पेन्शन खाली घेतल्यावर नेमके हे शून्य हरवते. ज्या गाड्यांत मागच्या चाकापाशी एकच संवेदक असतो, त्यांतली गंमत पाहा. चारही बाजूंनी गाडी सारखीच तीन सेंटिमीटर उतरली आहे, झुकाव मुळीच नाही. पण संवेदकाला एवढेच दिसते, की मागचे अंतर घटले. तो निष्कर्ष काढतो की डिकी भरली, आणि यंत्रणा दिवे खाली करते. चाकांतील अंतर २.६ मीटर धरले, तर हा चुकीचा उतार सुमारे १.१५ टक्के. मूळचा १ टक्का त्यात मिळवा; ६२ सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची कड ६२ मीटरऐवजी सुमारे २९ मीटरवर टेकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेदोन सेकंदांत संपते. आणि घट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर यंत्रणा अंदाज बांधणे सोडून देते व पिवळे चिन्ह लावते.

चिन्ह दिसले, की प्रथम गाडी उचलून जोडकाडी पाहावी. स्प्रिंगा बदलताना ती निखळणे, वाकणे, किंवा दांडा उलट्या बाजूला पलटणे हे सर्रास घडते. मग जोडणीतील पाणी आणि गंज पाहावा, स्कॅनरने दोषसंकेत वाचावा. काडी शाबूत असून मोजमाप मर्यादेबाहेर असेल, तर लांबी जुळवता येणारी काडी लावून दांडा पुन्हा आपल्या मधल्या स्थितीजवळ आणावा. तिथेच बरेच जण थांबतात, पण शून्य नव्याने शिकवल्याशिवाय काम पुरे होत नाही. टायरमधली हवा योग्य, गाडी रिकामी, जमीन सपाट, नव्या स्प्रिंगा थोड्या चालवून बसलेल्या. मग स्कॅनरमधून यंत्रणेला सांगायचे, की ‘हीच आता तुझी मूळ स्थिती’. तराजूवर रिकामे भांडे ठेवून शून्य करतो, तसेच हे.

याउलट सॉफ्टवेअरमधून इशारा बंद करून देणारे, संवेदकाच्या जागी रोध लावून यंत्रणेला कायम एकच आकडा ऐकवणारे कारागीर शहरोशहरी भेटतात. चिन्ह विझते खरे. पण त्यानंतर गाडी कितीही लादली तरी दिवे हलत नाहीत, आणि ३२०० ल्यूमेनचा झोत पुन्हा त्या ७५ मीटरवरच्या डोळ्यांत जातो. नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. तेव्हा स्प्रिंगा बदलण्याआधीच तेही तपासून घेतलेले बरे.

काम नीट झाले का, हे पाहायला भिंत पुरते. हेडलाइटच्या आवरणावर किंवा बॉनेटखाली बहुधा १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. सपाट जागी १० मीटरवर गाडी उभी करून दिव्याच्या उंचीपासून तितकेच, म्हणजे १० किंवा १२ सेंटिमीटर खाली भिंतीवर खूण करा. गाडी सुरू केली, की अनेक गाड्यांत दोन्ही झोत आधी पार खाली जातात आणि मग सावकाश वर येतात. ते त्या खुणेवर येऊन थांबले पाहिजेत. मग मागच्या आसनावर दोघांना बसवा आणि पुन्हा पाहा.