महामार्गाला लागताना झालेले अपघात : जखमींची नुकसानभरपाई

जोडरस्ता, सेवा रस्ता किंवा उड्डाणपुलाच्या रॅम्पवरून महामार्गाला लागणाऱ्या वाहनाची तिथे आधीपासून धावणाऱ्या वाहनाशी टक्कर होऊन जखमी झालेल्या व्यक्तीने मागायची भरपाई. भारतीय कायद्यात या अपघातांचा वेगळा वर्ग नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या सर्वसाधारण तरतुदीच त्यांना लागू होतात. मात्र चूक ठरवणे इथे अवघड असते. दोन्ही वाहने बहुधा एकाच दिशेने जात असतात. एक चालक म्हणतो, ‘तो अचानक आत घुसला’, दुसरा म्हणतो, ‘त्याने वेग कमीच केला नाही’.

अग्रहक्क : मुख्य रस्त्यात शिरणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे, असे १९८९ च्या रस्ते नियमावलीत होते. तिची जागा २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घेतली. तरीही मुख्य रस्त्यावरचा चालक आपोआप निर्दोष ठरत नाही. त्याचा वेग, मार्गिका आणि समोर पाहण्याची दक्षता तपासली जाते.

पुरावा : दाव्याचा कणा म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा. टायर घसरल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत आहेत, काचांचे तुकडे कोणत्या मार्गिकेत पडले, सेवा रस्त्याच्या तोंडापासून वाहने किती अंतरावर थांबली, तिथे दिवा किंवा फलक होता का, या नोंदी असतील तर वाहन आत शिरून स्थिरावले होते की शिरतच होते, हे काही वर्षांनंतरही सांगता येते. ‘वाहने रस्त्यावर अपघातग्रस्त स्थितीत दिसून आली’ एवढ्यावर पंचनामा संपला तर जखमीच्या हाती स्वतःच्या जबाबापलीकडे फारसे काही राहत नाही. क्रेनने वाहने हलवण्यापूर्वी काढलेली छायाचित्रे आणि टोलनाक्यावरचे सीसीटीव्ही चित्रण म्हणूनच मोलाचे. चित्रण लवकर पुसले जाते, तेव्हा ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करावी. आरटीओच्या तपासणी अहवालात धक्का वाहनाच्या कोणत्या बाजूला बसला ते कळते.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहिले जाते. गोव्यातील डल्सिना फर्नांडिस प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले.

चुकीची वाटणी : जखमी स्वतः वाहन चालवत असेल आणि त्याचीही चूक ठरली, तर तिच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. प्रमाणाचे ठरलेले सूत्र नाही. दुचाकीवर मागे बसलेल्या किंवा गाडीतील प्रवाशाची स्थिती वेगळी : दोन्ही चालक दोषी असतील तर तो पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून, म्हणजे व्यवहारात एका विमा कंपनीकडून, वसूल करू शकतो (खेन्येई, २०१५). दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून मागे बसलेल्याची भरपाई कापता येत नाही (मोहम्मद सिद्दिकी, २०२०).

रक्कम : उपचार, औषधे, ये-जा, पौष्टिक आहार, बुडालेली कमाई, पुढील उपचार, वेदना आणि जगण्यातील आनंदाची हानी असे घटक धरतात. सर्वात मोठा फरक पडतो तो अपंगत्वाच्या आकड्याने. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी वेगळी केली. डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून वैद्यकीय दाखल्यासोबत जखमी काय काम करत होता याचा पुरावा हवाच. बत्तीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये कमावणाऱ्या स्वयंरोजगारी सुताराच्या कमाईची हानी ३० टक्के ठरली, तर भावी वाढीचे ४० टक्के धरून महिना २१,०००, वर्षाला २,५२,०००, त्याचे ३० टक्के ७५,६०० आणि त्या वयोगटाचा १६ हा गुणक लावून १२,०९,६०० रुपये होतात. वैयक्तिक खर्चाची वजावट मृत्यूच्या दाव्यात होते, जखमीच्या दाव्यात नाही. वकिलाने हाच हिशेब मांडायला हवा; अनेक दावे इथेच निष्कारण लहान होतात.

चूक सिद्ध न करता : कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला २.५ लाख रुपये. मात्र कलम १४९ च्या तडजोडीने ही रक्कम स्वीकारल्यास चूक सिद्ध करून मागायचा कलम १६६ खालचा दावा संपतो, त्यामुळे सही करण्याआधी विचार करावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर ५०,००० रुपये.

उपचार : २०२५ च्या योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित.

रस्त्याची रचना : पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारासारख्या ठिकाणी दोष चालकांइतकाच रचनेचाही असू शकतो. सदोष आखणी वा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास कलम १९८-अ खाली १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो सरकारच्या अपघात निधीत जमा होतो, थेट जखमीला मिळत नाही.

अर्ज : अपघाताच्या, अर्जदाराच्या राहण्याच्या किंवा प्रतिवादीच्या राहण्याच्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे करता येतो. सहा महिन्यांची मुदत १९९४ मध्ये काढली गेली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही मुदत फार तोकडी आहे. तरी सुरक्षित मार्ग म्हणजे सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे.

अपील : निर्णयापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात, वादातील रक्कम १ लाख रुपयांपेक्षा कमी नसल्यास.