विद्युतचुंबकत्व

विद्युतचुंबकत्व : विद्युत आणि चुंबकत्व यांचा परस्परसंबंध अभ्यासणारी भौतिकीची शाखा. तारेतून वाहणारी विद्युतधारा स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या बंद वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते. दोन्ही परिणामांच्या मुळाशी गती किंवा बदल असतो. स्थिर विद्युतप्रभाराभोवती चुंबकीय क्षेत्र नसते आणि वेटोळ्यात नुसता ठेवून दिलेला चुंबक धारा निर्माण करत नाही.

धारेपासून चुंबकत्व : डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिस्तियन ओरस्टेड यांना १८२० मध्ये कोपनहेगन येथे विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळची चुंबकसूची विचलित होताना आढळली. धारेची दिशा उलटवली की विचलनाची दिशाही उलटते. सरळ तारेभोवती चुंबकीय बलरेषा वर्तुळाकार असतात. उजव्या हाताने तार धरली असून अंगठा धारेच्या दिशेने आहे, अशी कल्पना केल्यास वळलेली बोटे बलरेषांची दिशा दाखवतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आंद्रे-मारी अँपिअर यांनी दाखवून दिले की, समांतर तारांतील धारा एकाच दिशेने वाहत असल्यास तारा एकमेकींना आकर्षितात आणि विरुद्ध दिशांनी वाहत असल्यास दूर लोटतात. तारेचे अनेक वेढे देऊन केलेल्या नालकुंतलात मऊ लोखंडाचा गाभा बसवला की प्रबळ विद्युतचुंबक तयार होतो. विद्युत घंटा आणि भंगार उचलणारी क्रेन यांत तो वापरतात. धारा बंद करताच त्याचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते.

चुंबकत्वापासून धारा : इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी ऑगस्ट १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन वेगळी कुंडले गुंडाळली. एका कुंडलाला विद्युतघट जोडताना आणि तोडताना दुसऱ्यात क्षणभर धारा वाहिली. मधल्या काळात, पहिल्या कुंडलात धारा अखंड असूनही, दुसऱ्यात काहीच घडले नाही. पुढे कुंडलात चुंबक आतबाहेर करूनही त्यांनी धारा मिळवली. या परिणामास विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. बदल जितका जलद आणि वेढे जितके अधिक, तितके प्रवर्तित विभवांतर जास्त. प्रवर्तित धारा आपल्या कारणाला विरोध करते, हा नियम हाइन्रिख लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडला. म्हणूनच जनित्रातून जास्त वीज घेतली की ते फिरवायला जास्त बल लागते. वीज फुकट मिळत नाही.

उपयोग : कोयनेच्या वीजगृहांत पाण्याच्या जोराने टर्बाइन फिरते आणि त्याला जोडलेल्या जनित्रात प्रवर्तनाने वीज तयार होते. भारतात या प्रत्यावर्ती धारेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने असते. विद्युत चलित्रात उलट क्रिया घडते : धारा वाहणाऱ्या कुंडलावर चुंबकीय क्षेत्राचे बल लागून ते फिरते; पंखा आणि पाण्याचा पंप याच तत्त्वावर चालतात. रोहित्र विभवांतर वाढवते किंवा घटवते. त्याला बदलती धारा लागते. विद्युतघटाच्या स्थिर धारेवर ते चालत नाही.

एकत्रित सिद्धांत : जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतात बदलत्या विद्युतक्षेत्रामुळेही चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, असे मांडले. त्यातून निघणाऱ्या तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किमी., म्हणजे प्रकाशाच्या वेगाइतकाच येतो. यावरून प्रकाश हाही विद्युतचुंबकीय तरंग असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. हाइन्रिख हर्ट्झ यांनी असे तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवले. चुंबक हलवला काय किंवा वेटोळे हलवले काय, सापेक्ष गती तीच असेल तर धारा तितकीच मिळते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील १९०५ च्या शोधनिबंधाची सुरुवात याच निरीक्षणाने होते.