मतदानयंत्राचे पवई घराणे

भारतीय मतदानयंत्राची जडणघडण सांगताना बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्यांची नावे घेतली जातात. त्याच्या रूपाचे व हाताळणीचे मूळ मात्र पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत आहे. औद्योगिक अभिकल्प म्हणजे कारखान्यात मोठ्या संख्येने घडणाऱ्या वस्तूचा आकार, मांडणी आणि वापरण्याची रीत आधीच ठरवून देणारी विद्या.

जर्मनीतील उल्म येथे 1953 ते 1968 या काळात चाललेल्या अभिकल्पशाळेत सजावटीपेक्षा वापराच्या पद्धतशीर अभ्यासाला मान होता. तिथे शिकलेल्या सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने 1969 मध्ये आयडीसी सुरू झाली आणि तिथल्याच ए. जी. राव व रवी पूवय्या या प्राध्यापकांनी पुढे मतदानयंत्राला रूप दिले.

केरळमधील परूर येथे 1982 मध्ये यंत्राचा पहिला वापर झाला, परंतु कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो अवैध ठरवला. 1988च्या दुरुस्तीने ही उणीव भरून निघाली. रूढ झालेल्या यंत्रात दोन भाग पाच मीटरच्या केबलने जोडलेले असतात. मतदान कर्मचाऱ्यांच्या टेबलावर कंट्रोल युनिट आणि आडोशामागे बॅलट युनिट असते; टेबलावरून परवानगीचे बटण दाबल्यावरच आतील हिरवा दिवा लागतो, आणि मतदाराने चिन्हासमोरचे निळे बटण दाबले की लाल दिवा व शिटीसारखा आवाज मत नोंदल्याची खूण देतात, त्यानंतर पुढच्या परवानगीपर्यंत यंत्र दुसरे मत घेत नाही. निकालाचे बटण सीलबंद झडपेआड राहते. अक्षरओळख नसलेल्या मतदाराला चिन्ह, दिवा व आवाज पुरतात, तर पक्षांच्या प्रतिनिधींना सील डोळ्यांनी तपासता येते. म्हणजे मतदाराची सोय आणि प्रतिनिधींची खात्री या दोन्ही गरजा मांडणीतच सांभाळल्या आहेत.

2004च्या लोकसभा निवडणुकीत हे यंत्र देशभर वापरले गेले, तरी त्याच्या अभिकल्पकांची नावे मतदारांना क्वचितच ठाऊक असतात. या व्यवसायाचा वारसा वस्तूवरील सहीपेक्षा अध्यापनातून पुढे जातो. 2010 मध्ये स्वीकारलेल्या रुपयाच्या चिन्हाचे कर्ते डी. उदय कुमार हे आयडीसीचेच विद्यार्थी. त्याच वर्षी ते आयआयटी गुवाहाटीच्या ज्या अभिकल्प विभागात शिकवू लागले, त्याची उभारणीही नाडकर्णींनीच केली होती.