ब्रुकलिन डॉजर्स : १९५५ चा हंगाम

* न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन विभागाच्या या व्यावसायिक बेसबॉल संघाने १९५५ मध्ये प्रथमच ‘वर्ल्ड सिरीज’ जिंकली. (नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या विजेत्यांमधील ही अंतिम मालिका, नावातले ‘वर्ल्ड’ केवळ हौसेचे.) त्याआधी संघ सात वेळा अंतिम मालिकेत हरला होता. त्यांपैकी १९४१ पासूनचे पाचही पराभव शहरातल्याच यँकीज संघाकडून झालेले.

वॉल्टर ऑल्स्टनच्या व्यवस्थापनाखाली संघाने हंगामातले पहिले दहा सामने ओळीने जिंकले आणि ९८ विजय, ५५ पराभव अशी कामगिरी करत लीगचे विजेतेपद आरामात मिळवले. पुढे गाठ पुन्हा यँकीजशीच. पहिले दोन सामने गेले, एबेट्स फील्ड या घरच्या मैदानावरचे तीन जिंकले, सहावा गेला. ४ ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यात २३ वर्षांच्या जॉनी पॉड्रेसने यँकीजला एकही धाव मिळू दिली नाही. डॉजर्सच्या दोन्ही धावा गिल हॉजेसच्या फटक्यांवर आल्या. तरी लोकांना आठवतो तो सहाव्या डावातला झेल. त्याच डावात बदली म्हणून उतरलेल्या क्युबाच्या सँडी अमोरोसने योगी बेराचा उंच फटका डाव्या कडेला धावत जाऊन टिपला. तो डावखुरा असल्याने ग्लोव्ह उजव्या हातात होता, म्हणूनच चेंडू आवाक्यात आला. पहिल्या बेसवर वेळेत न परतलेला धावपटूही बाद झाला. १९४७ मध्ये मेजर लीगमधील वर्णबंदी मोडणारा डॉजर्सचा जॅकी रॉबिन्सन या सामन्यात खेळला नव्हता, हे पुष्कळदा विसरले जाते.

ब्रुकलिनमध्ये असताना संघाने मिळवलेले हे एकमेव अजिंक्यपद. १९५७ च्या हंगामानंतर तो लॉस एंजेलिसला गेला.