मामांचा अर्धा कप चहा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

केदारखेडा हे माझं आजोळ. जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्णेच्या काठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो की एक गोष्ट दिसायची. मधल्या मामांना चहा नेहमी अर्धा कप मिळायचा. भरून दिला तर निम्मा बशीत सांडे, कारण हात थरथरत. कधी बसल्या बसल्या खांदा उडे, कधी झोप लागता लागता पाय झटकला जाई.

मामांना 'उधाण' यायचं. रात्र-रात्र जागरण, अखंड बोलणं, कुणी न मागता पैसे वाटणं. ते ओसरलं की दोन-दोन महिने माळवदाच्या खोलीत अंधारात पडून राहणं. आज आपण याला बायपोलर आजार म्हणतो. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या, उधाण आटोक्यात आलं आणि त्यानंतर हा कंप सुरू झाला.

गावाने निदान केलंच. आजी म्हणायची, बाहेरचं आहे, अंगात येतं त्याच्या. शेजारी म्हणत, "गोळ्यायनंच हात कापू लागले याचे, बंद करा त्या." मामी म्हणायच्या, आजारच तसा आहे. या तिघांत खरं कोण, हे शोधताना मी जुन्या गोष्टींत शिरलो. पहिला धक्का घराजवळच बसला.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हैदराबाद संस्थानाचं वेड्यांचं इस्पितळ आमच्या जालन्यात होतं. १९५३ साली ते हैदराबादेत एरागड्ड्याला हललं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार जुनी मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. आणि योगायोग असा, की मनाच्या आजारांवरची नवी औषधं जगात आली ती नेमकी याच सुमारास. औषधं आली तेव्हा इस्पितळ निघून गेलं होतं.

त्या औषधांपैकी एक आपल्याच मातीतलं होतं. सर्पगंधा. बिहारात तिला लोक 'पागल की दवा' म्हणत. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असं लिहिलं. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. दोन वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते सर्रास दिलं जाऊ लागलं. रुग्ण शांत झाले. पण काहींचं अंग ताठरलं, हात कापू लागले. म्हातारपणीच्या कंपवातासारखंच सगळं.

इथे एक गंमत आहे. दुष्परिणाम म्हटला की आपण तोंड वाकडं करतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी मात्र त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी प्राण्यांना रेसरपिन दिलं, ते निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, तर ते उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य हालचालींचं काम पाहतं आणि औषधाने तेच आटतं, हे त्यातून उलगडलं. कंपवाताचं औषध यातूनच मिळालं आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल. म्हणजे शेजाऱ्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं.

लिथियमची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत होते. सुटून आल्यावर त्यांनी लिथियमचा क्षार आधी गिनीपिगांना दिला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिला. १९४९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यांचा पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता. तो बरा होऊन कामावर गेला, गोळ्या सोडल्या, पुन्हा बिघडला, पुन्हा सुरू केल्या आणि १९५० साली त्याच लिथियमच्या विषबाधेने गेला. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. रक्त तपासून मात्रा ठरवायची पद्धत पुढे रुळली, तेव्हा कुठे हे औषध वापरण्याजोगं झालं.

लिथियम घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हाताला बारीक, भरभर कंप येतो. मात्रा कमी केली, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी दिली, की तो पुष्कळदा उतरतो. पण कंप मोठा झाला, अंग झटके देऊ लागलं, जीभ जड झाली, तोल जाऊ लागला, तर ते विष चढल्याचं लक्षण असतं. उन्हात घाम गेला, जुलाब झाले, काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, की लिथियम अंगात साठतं. आमच्याकडच्या वैशाखाला हे सगळं एकदम जमतं.

आणि मामींचं म्हणणं? तेही पुसून टाकता येत नाही. औषधं नव्हती त्या काळात जर्मनीच्या क्रेपेलिन यांनी मनोरुग्णांच्या चेहऱ्याच्या आणि हातापायांच्या विचित्र हालचाली नोंदवल्या होत्या. १९९६ साली चेन्नईच्या डॉ. आर. तारा आणि स्कॉटलंडचे डॉ. मॅकक्रीडी यांनी एकही गोळी न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत अशाच हालचाली आढळल्याचं छापलं. आजार वेगळा आहे हे खरं. तरी हालचाल दिसली की दरवेळी गोळीच दोषी, असं म्हणता येत नाही. जागरण, कडक चहा, धास्ती यांनीही स्नायू उडतात, आणि मामांना तिन्हींचं वावडं नव्हतं. आजीचं म्हणणं मी सोडून दिलं. ती मात्र शेवटपर्यंत राजूरच्या गणपतीला नवस बोलत राहिली.

एका दिवाळीला मामांनी शेजाऱ्यांचं ऐकून गोळ्या थांबवल्या. हात दोन आठवड्यांत स्थिर झाले. घरात आनंद. पौषात उधाण आलं आणि त्यांनी बैलजोडी बाजारात निम्म्या किमतीला देऊन टाकली. पुन्हा गोळ्या, पुन्हा कंप. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी एका वहीत सही करत जा.

ती वही आता माझ्याकडे आहे. सह्या वाकड्या, पण वाचता येतात. मग एका वैशाखात सलग चार दिवस अक्षरं मोठी होत जातात, पाचव्या दिवशी नुसती रेघ उडालेली आहे. त्या आठवड्यात मामांना जुलाब झाले होते आणि गुडघेदुखीच्या गोळ्याही चालू होत्या. हात तर त्यांचे नेहमीच कापायचे, म्हणून घरात कुणी वही उघडली नाही. मीही तिथेच होतो, सुट्टीला. सहाव्या दिवशी त्यांना बैलगाडीत आडवं घालून रस्त्यापर्यंत नेलं. रक्त तपासलं, सलाईन लावलं, वाचले. वहीत पुढची अकरा पानं कोरी आहेत. बाराव्या पानावर सही आहे, आणि तिच्याखाली मामींच्या अक्षरात तारीख. तिथून पुढे शेवटपर्यंत रोज तारीख मामींनीच घातलेली आहे.