आधी कागद, मग विषय

संशोधनात येऊ पाहणारी मुलं माझ्याकडे येतात ती ‘विषय सुचवा’ म्हणत. मी त्यांना आधी वि. का. राजवाड्यांची गोष्ट सांगते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. वाईला मिळालेली, १७५० ते १७६१ या काळातली पत्रं त्यात होती. प्रस्तावनेत राजवाड्यांनी आपली मतं ठणकावून मांडलीच. पण ज्या पत्रांवर ती उभी होती, तीही छापली. कुणालाही पडताळून पाहता यावं! आपल्याकडच्या संशोधनाला ही शिस्त तिथून लागली. पुढे १९१० साली राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं.

या वाटेवरची उमेदवारी मोडी लिपीपासून सुरू होते. मीही तशीच शिकले. जुने कागद बांधलेल्या रुमालाची गाठ सोडायची, घड्या अलगद उलगडायच्या. आधी ओढलेल्या रेघेखाली लिहिणाऱ्याने सलग अक्षरं ओढलेली असतात. शब्द कुठे तुटतो ते आपणच ठरवायचं. मग तारीख. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन ११६१. इसवी १७६०-६१, पानिपतचं वर्ष. पुष्कळ पत्रांवर सालच नसतं. तेव्हा मजकुरातल्या माणसांवरून आणि मुक्कामांवरून ते बसवावं लागतं. हे करता करता माणूस पुरावा तोलायला शिकतो.

गो. स. सरदेसायांनी बडोद्याची नोकरी संपवल्यावर, साठी उलटल्यानंतर, पेशवे दफ्तराचं काम हाती घेतलं. १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांत भर मुख्यतः राजकारणावर राहिला. दफ्तरात मात्र मोठा भरणा हिशेबांचा आणि महसुलाचा आहे: गावचे जमाखर्च, जकाती, वतनांचे तंटे. शेतकऱ्याने काय भरलं, कारागिराला काय मिळालं, हे तिथे सापडतं.

म्हणून मुलांना मी सांगते, आधी मोडी शिका. एक रुमाल घ्या आणि पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचा. ज्या नोंदीचा उलगडा छापील पुस्तकांत मिळणार नाही, तिथे तुमचा विषय आहे.